फॉल्ट कुठे, ट्रिप कुठे: फीडरच्या रिलेचं सेटिंग पायरीपायरीने

एक ११ केव्हीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, रोज सकाळी ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा. रिलेवर, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या उपकरणावर, अर्थ फॉल्टचा (प्रवाह जमिनीत जाण्याचा) दिवा लागलेला. लाइनची माणसं पूर्ण लाइन चालून यायची, इन्सुलेटर बघायची, फांद्या छाटायची. हाती काही लागायचं नाही. दिवसभर भार दुसऱ्या फीडरवर टाकायचा, रात्री परत घ्यायचा. रात्रभर सगळं ठीक, सकाळी भार चढला की पुन्हा तेच. चौथ्या दिवशी टॉर्च घेऊन पॅनेलच्या मागे वाकलो तेव्हा दिसलं, की टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर वाय फेजच्या सीटीची (प्रवाह मोजण्याजोगा लहान करून देणारा करंट ट्रान्सफॉर्मर) शॉर्टिंग लिंक, म्हणजे त्याची टोकं जोडून ठेवणारी पट्टी, तशीच लागलेली आहे. आठवड्यापूर्वी टेस्टिंग झालं होतं. काम संपल्यावर आर आणि बी या बाकीच्या दोन फेजच्या लिंका काढल्या, वायची राहून गेली. तिन्ही फेजच्या प्रवाहांची बेरीज शून्याजवळ यायला हवी. रिलेला दोनच फेज दिसत होते, त्यामुळे ती बेरीज वायच्या प्रवाहाएवढी येत होती. अर्थ फॉल्टचं सेटिंग होतं ८० अँपिअर, आणि भार ८० च्या वर गेला की ट्रिप. रिलेची काहीच चूक नव्हती. त्याला जे दाखवलं, त्यावर त्याने बरोबर निर्णय दिला.

रिलेला फॉल्ट ओळखायला शिकवणं तसं सोपं आहे. फॉल्ट नसताना, किंवा असला तरी दुसऱ्याच्या हद्दीत असताना गप्प बसायला शिकवणं हे खरं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरण एकच ठेवतो, म्हणजे आकडे शेवटपर्यंत हातात राहतील.

आधी साखळी समजून घ्या

रिले स्वतः काहीच तोडत नाही. तो फक्त मोजतो आणि एक छोटा संपर्क जोडतो. शेकडो अँपिअर वाहणाऱ्या तारेचा प्रवाह सीटी १ किंवा ५ अँपिअरवर आणतो, आणि रिले तो बघतो. प्रवाह ठरवलेल्या मर्यादेच्या वर ठरवलेला वेळ राहिला की रिलेचा संपर्क जुळतो, बॅटरीचं डीसी ब्रेकरच्या (प्रवाह तोडणारा मोठा स्विच) ट्रिप कॉइलला मिळतं, कॉइल खटका सोडते आणि ब्रेकर उघडतो. सीटी, रिले, बॅटरी, कॉइल, ब्रेकर आणि त्यांच्यातली वायरिंग, यातलं काहीही एक बिघडलं तर उरलेलं सगळं शोभेचं. आणि गंमत म्हणजे यातली बहुतेक दुखणी रोजच्या चालण्यात दिसत नाहीत. मोटार बंद पडली की लगेच कळतं. ट्रिप कॉइल जळलेली असेल तर ते फॉल्टच्या दिवशीच कळतं.

आकृत्यांवर आणि रिलेच्या मेनूत आकडे दिसतील. ते पाठ असलेले बरे: ५० म्हणजे तात्काळ ओव्हरकरंट, ५१ म्हणजे वेळ घेऊन चालणारा ओव्हरकरंट, मागे एन लागला की अर्थ फॉल्ट. ६७ दिशा ओळखणारा, ८७ डिफरन्शियल, २१ डिस्टन्स, २७ कमी व्होल्टेज, ५९ जास्त व्होल्टेज, ८१ फ्रिक्वेन्सी, ८६ लॉकआउट. ५२ हा स्वतः ब्रेकर.

पहिली पायरी: माहिती गोळा करा

सेटिंग करायला बसण्याआधी पुढ्यात एक सिंगल लाइन डायग्राम हवा, तोही आजचा. त्यावर प्रत्येक सीटीचं गुणोत्तर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता आणि टक्के इंपीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा), लाइनची लांबी आणि तारेची जात, सर्वाधिक भार, केबल किती सोसते, ब्रेकर उघडायला किती वेळ घेतो, हे सगळं लिहा. सीटीचं गुणोत्तर कागदावरून घेऊ नका, नेमप्लेटवरून घ्या, आणि एकाहून जास्त टॅप असतील तर कुठला जोडलाय ते स्वतः बघा. ड्रॉइंगवर ४००/१ आणि पॅनेलमध्ये २००/१ जोडलेला, असं सर्रास आढळतं.

आपलं उदाहरण असं. ३३/११ केव्हीचा १० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इंपीडन्स १० टक्के. त्याच्या ११ केव्ही इनकमरवर, म्हणजे बसबारला (सगळे फीडर जिथून निघतात ती जाड पट्टी) वीज आणणाऱ्या ब्रेकरवर, रिले क, सीटी ६००/१. बसबारवरून निघणाऱ्या फीडरवर रिले ब, सीटी ४००/१, सर्वाधिक भार २८० अँपिअर. पाच किलोमीटरवर एक स्विचिंग स्टेशन आहे, तिथून पुढे जाणाऱ्या फीडरवर रिले अ, सीटी २००/१, भार १२० अँपिअर. वीज एकाच बाजूने येते. दोन्ही बाजूंनी येत असती तर ६७ लागला असता आणि हा लेख दुप्पट झाला असता.

दुसरी पायरी: फॉल्टचा प्रवाह काढा

ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भार प्रवाह: १०,००० केव्हीए भागिले (१.७३२ गुणिले ११ केव्ही), म्हणजे ५२५ अँपिअर. इंपीडन्स १० टक्के, म्हणून ११ केव्ही बसवर तीन फेजचा फॉल्ट झाला तर ५२५ च्या दहापट, ५,२५० अँपिअर. यात ३३ केव्हीचा स्रोत अमर्याद ताकदीचा धरला आहे. खरा स्रोत त्याहून कमजोर असतो, म्हणून खरा प्रवाह थोडा कमी येईल.

आता दूरच्या स्टेशनवर. ५,२५० अँपिअर म्हणजे बसपर्यंतचा इंपीडन्स ६,३५१ व्होल्ट भागिले ५,२५०, साधारण १.२१ ओहम. लाइनचा किलोमीटरला ०.४ ओहम धरला तर पाच किलोमीटरचे २ ओहम. दोन्ही मुख्यतः रिॲक्टन्स (इंपीडन्सचा रोध सोडून उरलेला भाग) मानून सरळ बेरीज केली: ३.२१ ओहम. फॉल्टचा प्रवाह ६,३५१ भागिले ३.२१, जवळजवळ २,००० अँपिअर.

इथेच बरेच जण थांबतात. पण सर्वाधिक प्रवाहाबरोबर सर्वात कमी प्रवाहही काढायला हवा. दोन फेजमधला फॉल्ट तीन फेजच्या ०.८६६ पट असतो, म्हणजे त्या टोकाला साधारण १,७३० अँपिअर. सर्वाधिक प्रवाहावर रिलेंचा क्रम ठरतो आणि सर्वात कमी प्रवाहावर रिलेला फॉल्ट दिसतोय की नाही ते ठरतं.

तिसरी पायरी: सीटीकडे संशयाने बघा

प्रोटेक्शनच्या सीटीवर ५पी२० असं लिहिलेलं असतं. अर्थ असा: रेटेड बर्डन (सीटीच्या दुय्यम बाजूवरचं ओझं) जोडलेला असताना, रेटेड प्रवाहाच्या २० पटीपर्यंत चूक ५ टक्क्यांच्या आत राहील. ब रिलेच्या सीटीला सर्वाधिक ५,२५० भागिले ४००, म्हणजे १३ पट बघावं लागेल. चालेल. पण ‘रेटेड बर्डन जोडलेला असताना’ हे शब्द विसरू नका. बर्डनमध्ये रिलेपेक्षा वायरिंगचा वाटा मोठा असतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम रोध असतो. यार्डातला सीटी पॅनेलपासून १०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे दीड ओहम. सीटी ५ अँपिअरचा असेल तर एवढ्या तारेतच ३७ व्हीए खर्च, आणि १ अँपिअरचा असेल तर अवघे दीड. लांब अंतराला १ अँपिअरचे सीटी घेतात ते याच कारणाने.

बर्डन जास्त झालं की मोठ्या फॉल्टला सीटीची लोखंडी कोअर सॅच्युरेट होते, म्हणजे तिच्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, दुय्यम प्रवाहाची लाट मधेच कापली जाते, आणि सर्वात मोठ्या फॉल्टलाच रिलेला सर्वात कमी प्रवाह दिसतो.

आणि एक सूचना, जी कितीही वेळा सांगितली तरी जास्त होत नाही. चालू सीटीची दुय्यम बाजू उघडू नका. भार चालू असताना दुय्यम वाट तुटली, की प्राथमिकचा सगळा प्रवाह कोअर मॅग्नेटाइज करण्यात जातो आणि टर्मिनलवर हजारो व्होल्टची टोकं येतात. माणूस दगावू शकतो, सीटी फुटू शकतो. रिले काढायचा असेल तर आधी शॉर्टिंग लिंक, ती घट्ट बसल्याची खात्री, मगच पुढची तार. आणि काम संपल्यावर लिंका मोजून काढा. त्याचं कारण वर सांगितलंच आहे.

चौथी पायरी: पिकअप

पिकअप म्हणजे ज्या प्रवाहाला रिले जागा होतो तो. तो सर्वाधिक भाराच्या वर हवा आणि सर्वात कमी फॉल्टच्या बराच खाली.

अ: १२० ला सव्वापट, १५० अँपिअर. सीटी २००/१, म्हणून सेटिंग ०.७५.
ब: २८० ला सव्वापट, ३५०. जवळचं सेटिंग ०.९, म्हणजे ३६० अँपिअर.
क: ५२५ ला १.२ पट, ६३०. सीटी ६००/१, सेटिंग १.०५.

जुन्या तबकडीच्या रिलेत ओव्हरकरंटचे प्लग (सेटिंग निवडायच्या खुंट्या) ५० ते २०० टक्के, २५ च्या टप्प्याने असतात. तिथे ०.९ मिळणारच नाही, १०० टक्क्यांचा प्लग घ्यावा लागेल आणि पुढचं गणित ४०० अँपिअरने करावं लागेल.

आता उलट बाजूने तपासा. ब ला दूरच्या टोकाचा १,७३० अँपिअर दिसतो, पिकअपच्या जवळजवळ पाचपट. उत्तम. अ चा फीडर पुढे लांब असेल, तर त्याच्या अगदी शेवटच्या खांबावरचा सर्वात कमी फॉल्टही पिकअपच्या दीडपट तरी यायला हवा. येत नसेल तर सेटिंगशी खेळत बसू नका, मधे आणखी एक ब्रेकर लागणार आहे.

भार वाढेल म्हणून पिकअप आधीच दुप्पट ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. ती पळवाट आहे. भार वाढल्यावर सेटिंग बदलायचं असतं, आणि ते बदललं जात नाही म्हणून आज भोकच मोठं करून ठेवायचं.

पाचवी पायरी: वेळ, आणि खरी कसरत

अ च्या पुढे फॉल्ट झाला की तो प्रवाह अ, ब आणि क तिघांतूनही वाहतो. तिघेही जागे होतात. अ ने आधी तोडावं, ब ने थोडं थांबावं, अ चुकला तरच ब ने तोडावं, आणि क ने त्याहून थांबावं. हे थांबणं टीएमएसने (टाइम मल्टिप्लायर सेटिंग, वेळेचा गुणक) ठरतं.

आयईसी ६०२५५ या आंतरराष्ट्रीय मानकामधला स्टँडर्ड इन्व्हर्स वक्र असा आहे:

वेळ = टीएमएस × ०.१४ ÷ (पट^०.०२ − १)

पट म्हणजे फॉल्टचा प्रवाह भागिले पिकअप. प्रवाह जितका जास्त तितका वेळ कमी. ^ चा अर्थ घात: पटीचा ०.०२ वा घात काढायचा, त्यातून १ वजा करायचा. कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम.

दोन शेजारी रिलेंमध्ये किती अंतर ठेवायचं? ब्रेकर उघडून आर्क विझायला ०.०६ ते ०.१ सेकंद, दोन्ही रिलेंच्या वेळेतली चूक, सीटीची चूक, आणि वर थोडी सुरक्षितता. न्यूमेरिकल, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या नव्या इलेक्ट्रॉनिक रिलेंना ०.३ सेकंद पुरतो. तबकडीच्या रिलेत प्रवाह थांबला तरी तबकडी थोडी पुढे फिरत राहते, म्हणून तिथे ०.४ ठेवतात.

सुरुवात नेहमी सर्वात दूरच्या रिलेपासून.

अ: टीएमएस ०.१. त्याच्या लगेच पुढचा फॉल्ट २,००० अँपिअर, म्हणजे १३.३ पट. सूत्रात टाकलं तर टीएमएस १ ला २.६३ सेकंद, ०.१ ला ०.२६.

ब: याच २,००० अँपिअरला ब ने ०.२६ अधिक ०.३, म्हणजे निदान ०.५६ सेकंद घ्यायला हवा. त्याच्यासाठी पट २,००० भागिले ३६०, म्हणजे ५.५६. टीएमएस १ ला वेळ ४.०१ सेकंद. भागाकार केला तर ०.१४. वरच्या बाजूला ०.१५ घेऊ. वेळ ०.६०.

क: आता बिंदू बदलतो. ब आणि क एकमेकांना सर्वात जवळ येतात ते ब च्या अगदी तोंडाशी फॉल्ट झाल्यावर, ५,२५० अँपिअरला. ब ची पट १४.६, वेळ ०.३८ सेकंद. म्हणून क ला निदान ०.६८ हवा. क ची पट ५,२५० भागिले ६३०, ८.३३, टीएमएस १ ला ३.२३ सेकंद. भागाकार ०.२१, घेऊ ०.२२. वेळ ०.७१.

नवखे इथे हमखास चुकतात. क चं गणितही २,००० अँपिअरलाच करतात, तिथे अंतर छान दिसतं, आणि जवळच्या मोठ्या फॉल्टला दोघांच्या वेळा चिकटतात. जोडीतल्या दोन्ही रिलेंना एकाच वेळी दिसणारा सर्वाधिक प्रवाह, तिथेच अंतर तपासायचं. वक्र एकाच जातीचे असतील आणि मागच्या रिलेचा पिकअप मोठा असेल तर कमी प्रवाहाला अंतर आपोआप वाढतं. पाहा: १,००० अँपिअरला अ चा वेळ ०.३६ आणि ब चा १.०२.

क चा ०.७१ सेकंद ट्रान्सफॉर्मरला झेपतो का? आयईसी ६००७६-५ प्रमाणे ट्रान्सफॉर्मरने २ सेकंद शॉर्ट सर्किटची उष्णता सोसायला हवी. आपण बरेच आत आहोत. पण साखळीत चार-पाच रिले असते तर प्रत्येकी ०.३ ची भर पडत पडत, सर्वात मोठा फॉल्ट जिथे होतो तिथेच सर्वात जास्त वेळ लागला असता. टाइम ग्रेडिंगचं हे जन्मजात व्यंग आहे.

सहावी पायरी: हायसेट

त्या व्यंगावर अर्धा इलाज म्हणजे ५०, तात्काळ ओव्हरकरंट. त्यालाच हायसेट म्हणतात. ब ला सांगायचं: प्रवाह इतका मोठा असेल, की फॉल्ट अ च्या पुढे असूच शकत नाही, तर थांबू नकोस. अ च्या जागी सर्वाधिक २,००० अँपिअर. त्याच्या १.३ पट, २,६०० अँपिअर, म्हणजे सीटीच्या ६.५ पट. फॉल्टच्या सुरुवातीच्या लाटेत डीसीचा भाग मिसळलेला असतो, म्हणून वर ३० टक्के सोडले.

आता बसजवळच्या फॉल्टला ब लगेच तोडेल, ०.३८ सेकंदांची वाट बघणार नाही. तरीही क चा टीएमएस हायसेट नाही असं समजूनच ठेवला आहे. मला तेच बरं वाटतं.

एक तपासून घ्या. फीडरवर बरेच वितरण ट्रान्सफॉर्मर असतील तर फीडर चालू करताना त्या सगळ्यांचा इनरश (चालू होतानाचा क्षणिक मोठा प्रवाह) एकदम येतो. तो हायसेटला ओलांडत असेल तर फीडर चालूच होणार नाही, आणि मग कुणीतरी वैतागून ५० बंदच करून टाकतं. ते वर्षानुवर्षं बंदच राहतं.

सातवी पायरी: अर्थ फॉल्ट

तिन्ही फेजची बेरीज भार असताना शून्याजवळ असते, म्हणून अर्थ फॉल्टचं सेटिंग भाराच्या खूप खाली ठेवता येतं. न्यूट्रल थेट जमिनीला जोडलेला असेल तर सीटीच्या २० टक्के हा नेहमीचा आकडा: ब ला ८० अँपिअर, अ ला ४०. वेळेचा क्रम इथेही वरच्यासारखाच लावायचा, फक्त प्रवाह अर्थ फॉल्टचे घ्यायचे. न्यूट्रलमध्ये रेझिस्टर असेल तर अर्थ फॉल्टचा प्रवाह तोच बांधून ठेवतो, तेव्हा सेटिंग त्याच्याकडे बघून ठरवा.

याहून बारीक सेटिंग हवं असेल तर तीन सीटींच्या बेरजेवर विसंबू नका. तिघांमधला किंचित फरकही मोठ्या भाराला खोटा अर्थ फॉल्ट दाखवतो. तिथे केबलचे तिन्ही कोअर (आतल्या तारा) एकाच गोल सीटीतून घेतात, तो सीबीसीटी (कोअर बॅलन्स सीटी). बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. केबलचं आर्मर (धातूचं कवच) त्या गोलातून गेलेलं असेल, तर आर्मरची अर्थिंगची तार परत त्याच गोलातून उलटी आणून मग जमिनीला जोडायची. नाहीतर फॉल्टचा प्रवाह कोअरमधून जातो, आर्मरमधून परततो, बेरीज शून्य, आणि रिले शांत. ग्लँड (आर्मर जिथे संपतं तो केबलचा जोड) गोलाच्या अलीकडे असेल, म्हणजे फक्त कोअरच आत जात असतील, तर अर्थिंगची तार आत आणायची नाही.

आठवी पायरी: ट्रिपची वाट

रिलेच्या संपर्कापासून ट्रिप कॉइलपर्यंतची ड्रॉइंग बोटाने चालून बघा. कॉइलच्या मालिकेत ब्रेकरचा साहाय्यक संपर्क असतो, जो ब्रेकर उघडला की उघडतो. कॉइलचा डीसी प्रवाह तो तोडतो. तो नीट काम करत नसेल तर तो प्रवाह रिलेच्या नाजूक संपर्काला तोडावा लागतो आणि संपर्क जळून चिकटतो. कॉइलमधून सतत बारीकसा प्रवाह सोडून ती शाबूत आहे का हे पाहणारी ट्रिप सर्किट सुपरव्हिजन असेल तर तिचा अलार्म कुणाच्या तरी नजरेत येईल असा लावा. बॅटरी ११० व्होल्टची असो की २२० ची, चार्जर बंद करून महिन्यातून एकदा तरी तिचा दम बघा. चार्जर चालू असताना मेलेली बॅटरीही छान व्होल्टेज दाखवते.

ब्रेकरच अडकला तर? त्यासाठी ब्रेकर फेल्युअर: ट्रिप दिल्यावर साधारण १५० ते २०० मिलिसेकंदांनंतरही प्रवाह वाहत असेल, तर मागचे सगळे ब्रेकर काढायचे. मोठ्या बसबारवर हे हवंच. छोट्या ११ केव्ही बसवर क चा बॅकअप तेच काम सावकाश करतो.

फीडरच्या पलीकडे

ट्रान्सफॉर्मरला स्वतःची वेगळी राखण लागते. डिफरन्शियलची कल्पना १९०४ सालची, मेर्झ आणि प्राइस यांची: जेवढा प्रवाह आत गेला तेवढा बाहेर आला पाहिजे. कमी आला तर फॉल्ट आतच. शेजाऱ्याशी क्रम लावायची गरज नाही, म्हणून वेळही नाही. अडचणी दुसऱ्याच असतात. डीवायएन११ (डेल्टा-स्टार जोडणीच्या) ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंच्या प्रवाहांत ३० अंशांचा फरक असतो, तो रिलेच्या आत वेक्टर ग्रुप बरोबर भरून काढावा लागतो. टॅप बदलला की गुणोत्तर हलतं, म्हणून प्रवाह वाढेल तशी सवलत वाढवणारा बायस. आणि ट्रान्सफॉर्मर चालू करताना इनरश एकाच बाजूने येतो, रिलेला तो हुबेहूब आतला फॉल्ट वाटतो. त्यात दुसरा हार्मोनिक (मूळच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा भाग) भरपूर असतो, म्हणून तो १५ टक्क्यांच्या आसपास गेला की रिले अडवून ठेवायचा. बुखोल्झ रिलेला यातलं काहीच लागत नाही. मॅक्स बुखोल्झ यांनी १९२१ मध्ये काढलेली ही युक्ती तेलात आतल्या फॉल्टने तयार होणारा वायू पकडते. सीटीला दिसणारही नाही असा बारीक बिघाड ती आधी सांगते.

लांब लाइनला डिस्टन्स रिले. व्होल्टेज भागिले प्रवाह म्हणजे इंपीडन्स, आणि इंपीडन्स म्हणजे अंतर. झोन १, म्हणजे रिलेची पहिली हद्द, लाइनच्या ८० टक्क्यांपर्यंत, तात्काळ. पूर्ण १०० का नाही? सीटी, पीटी (व्होल्टेज मोजण्याजोगं लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर) आणि लाइनच्या आकड्यांतल्या चुका मिळून पुढच्या लाइनचा फॉल्टही आपला वाटू शकतो. झोन २ निदान १२० टक्के, ०.३ ते ०.४ सेकंदांनी. झोन ३ पुढची लाइनही झाकतो, साधारण सेकंदाने. पीटीचा फ्यूज गेला तर व्होल्टेज शून्य, म्हणजे इंपीडन्स शून्य, आणि रिलेला वाटतं फॉल्ट पायाशीच आहे. म्हणून फ्यूज फेल ब्लॉकिंग चालू आहे का ते आधी बघा.

झोन ३ आणि बॅकअपच्या सेटिंगवर घाई करू नका. ९ नोव्हेंबर १९६५ ला कॅनडात ओंटारिओमधल्या सर ॲडम बेक केंद्रातून निघणाऱ्या पाच २३० केव्ही लाइनींपैकी एकीचा बॅकअप रिले चालला. फॉल्ट नव्हता. भार वाढत वाढत जुन्या सेटिंगला जाऊन टेकला होता. तिचा भार उरलेल्या चौघींवर पडला, त्याही गेल्या, आणि सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत ओहायोतली सॅमिस-स्टार ही ३४५ केव्ही लाइन झोन ३ ने काढली. प्रवाह जास्त, व्होल्टेज कमी, म्हणून मोजलेला इंपीडन्स झोनच्या आत आला. फॉल्ट तिथेही नव्हता. ३० जुलै २०१२ ला भारतात बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइन झोन ३ वरच गेली, तीही भारानेच. म्हणून झोन ३ ठरवताना लाइनचा सर्वाधिक भार, तोही पडलेल्या व्होल्टेजला, इंपीडन्समध्ये बदलून झोनच्या आकृतीवर मांडा. तो बिंदू आत येत असेल तर लोड एनक्रोचमेंटचा, म्हणजे भार जिथे घुसतो तो भाग कापून टाका.

शेवटची पायरी: तपासणी

परवाना घेतल्याशिवाय आणि या कामाची माहिती असलेला माणूस सोबत असल्याशिवाय पॅनेलमध्ये हात घालायचा नाही.

सीटीची पोलॅरिटी: प्राथमिकच्या पी१ ला छोट्या बॅटरीचं धन टोक, दुय्यमच्या एस१ ला मधे शून्य असलेल्या काट्याच्या मीटरचं धन टोक. बॅटरी टेकवली की काटा उजवीकडे उडायला हवा, काढली की डावीकडे. डीसीने कोअरमध्ये थोडं चुंबकत्व उरतं. नंतर एसी व्होल्टेज चढवून हळूहळू शून्यावर आणलं की ते जातं.

सेकंडरी इंजेक्शन: ब रिलेला टेस्ट किटमधून ५ अँपिअर द्या. ४००/१ ने ते २,००० अँपिअर होतात, वेळ ०.६० सेकंद यायला हवा. ०.९ अँपिअरच्या किंचित वर पिकअपचा दिवा लागायला हवा. मग तेच पुन्हा करा, पण या वेळी ट्रिपची लिंक लावून, ब्रेकर खरोखर उघडतोय का ते डोळ्यांनी बघा. किटवर दिसलेली वेळ ही फक्त रिलेची असते.

प्राइमरी इंजेक्शन जमत असेल तर सोडू नका. सीटीपासून रिलेपर्यंतची वायरिंग त्यातूनच एका दमात सिद्ध होते. नाहीतर भार आल्यावर रिलेच्या स्क्रीनवर तिन्ही फेजचे प्रवाह, त्यांचे कोन आणि बेरीज वाचा. तिन्ही जवळजवळ सारखे, १२० अंशांवर, आणि बेरीज शून्याजवळ. त्या सकाळी ट्रिप होणाऱ्या फीडरवर एवढं एकदा वाचलं असतं तर चार दिवस कुणी लाइन चालली नसती.

ट्रिप झाल्यावर, काहीही रीसेट करण्याआधी, रिलेतून इव्हेंट लॉग आणि डिस्टर्बन्स रेकॉर्ड उतरवून घ्या. घड्याळ बरोबर आहे का पाहा, नाहीतर दोन उपकेंद्रांच्या नोंदी जुळणारच नाहीत. लाटेत प्रवाह एकदम उसळला आणि व्होल्टेज दबलं असेल तर फॉल्ट खरा. प्रवाह हळू चढत गेला, व्होल्टेज ठीक, आणि एकच फेज मुळातच सपाट शून्य असेल, तर लाइनवर माणसं पाठवू नका, टॉर्च घेऊन पॅनेलच्या मागे जा.